कोपरा घाटाखाली पिकत नाही म्हणे!

“विदर्भात रेडर सापडतो, कोपरा सापडत नाही.”

कबड्डीच्या मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिलात, तर हे वाक्य तुमच्या कानावर पडेलच. बोलणारा कधी पुण्याचा प्रशिक्षक असतो, कधी मुंबईच्या एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता. आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा आपलाच, खामगाव-चिखलीकडचा माणूस असतो. पुढचं स्पष्टीकरणही सगळ्यांना पाठ आहे. तिकडची पोरं चपळ आहेत, पण अंगानं कमी. खाणंपिणं तसं नाही. पकडीला लागतो तो दम कोल्हापूर-सांगलीच्या दुधातुपात आहे, हरियाणाच्या मातीत आहे. वऱ्हाडात कुठून येणार?

माझं म्हणणं असं, की हे खोटं आहे. आणि ज्यांना दहा दिवस मुक्काम ठोकून पोरं बघायची नाहीत, त्यांच्या सोयीचं आहे.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे नंतर “याचं काय दुखतंय” असा प्रश्न नको. मी बुलढाणा जिल्ह्याचा. इंजिनिअरिंग तिकडंच केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. कॉलेजच्या संघात चार वर्षं उजवा कव्हर होतो. माझी मजल तेवढीच होती आणि त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते माझ्या शेजारी उभं राहणाऱ्यांचं.

सापडणारे आणि घडणारे

कबड्डीत सात जण असतात. प्रो कबड्डीच्या जाहिरातीत त्यातला एकच दिसतो, चढाई करणारा. हवेत उडी, पायाचा फटका, मांडीवर थाप. ३० सेकंदांची रील आपोआप तयार होते, कारण चढाईच मुळी ३० सेकंदांची असते.

कोपऱ्याची रील होत नाही. तो मैदानाच्या टोकाला वाकून उभा असतो. शेजारच्या इनचा हात त्याच्या हातात असतो, पलीकडं कव्हर. समोरचा रेडर बोनसची रेषा शोधतोय. त्याचा पाय आत आला की पाव सेकंदात ठरवायचं: घोटा धरायचा की थांबायचं? धरला, तर पुढच्या क्षणी कव्हरनं येऊन धक्का द्यायलाच हवा. तो आला नाही तर कोपरा एकटा घोट्याला लोंबकळत मध्यरेषेपर्यंत घसरत जातो, आणि धावफलकावर त्याच्या नावापुढं फसलेली पकड लागते. चूक कुणाची, हे आकडा सांगत नाही. उलट, कोपरा इतका दमदार असेल की रेडर त्याच्या बाजूला फिरकतच नाही, तर त्याचा आकडा शून्य. सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही म्हणून कुठल्या मॅनेजरनं कुणाला पार्टी दिलीय?

मुद्दा असा की चढाई बरीचशी एकट्याची कला आहे. गावातल्या देवळापुढच्या पटांगणात, आठ-दहा पोरांना चुकवत एखादा मुलगा पंधराव्या वर्षी पक्का रेडर होऊ शकतो. तो सापडतो. बचाव ही साखळी आहे. तेच सात जण, तेच हात, तीच खूण, शेकडो सामने. बचाव सापडत नाही, तो घडवावा लागतो. म्हणून ज्या भागात फक्त शोधायला लोक येतात आणि घडवायला कुणी थांबत नाही, तिथं रेडरच मिळणार. हा त्या भागाच्या रक्ताचा गुण नव्हे, तुमच्या येण्याजाण्याच्या पद्धतीचा आहे.

आयोवा नावाचा एक बुलढाणा

आमच्या टीमचे क्लायंट अमेरिकेतले. त्यांच्याशी बोलता बोलता मला तिथल्या कॉलेज फुटबॉलचा नाद लागला. फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नाही, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. त्यात ‘लाइनमन’ असतात. दीडशे किलोच्या आसपासची ही माणसं चेंडूला क्वचितच हात लावतात. आक्रमक लाइनमनचं काम आपल्या माणसाला वाचवायचं, बचावातल्या लाइनमनचं काम ती भिंत फोडायची. यांची भरती शाळेतूनच होते. प्रशिक्षक गावोगाव फिरतात, घरी जाऊन आईबापांशी बोलतात, शिष्यवृत्ती देतात.

आणि तिथंही आपल्यासारखीच भूगोलाची दंतकथा आहे. भिंत फोडणारे चपळ धिप्पाड गडी दक्षिणेत मिळतात, जॉर्जिया, अलाबामा, लुइझियानात. भिंत बांधणारे मध्य-पश्चिमेत, विस्कॉन्सिन आणि आयोवात. का? तर म्हणे शेतकऱ्यांची पोरं, मका खाऊन वाढलेली.

दक्षिणेची बाजू समजायला सोपी आहे. जॉर्जिया विद्यापीठाच्या जॉर्डन डेव्हिसनं २०२२ मध्ये साधारण १५५ किलो वजन घेऊन ४० यार्ड ४.७८ सेकंदांत कापले. असं शरीर स्टॉपवॉच लावून एका दुपारी ओळखता येतं. म्हणून तिथं भरतीला झुंबड असते.

आयोवाची गोष्ट वेगळी आहे आणि मला तीच आपली वाटते. २०२० च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या होती सुमारे ३१ लाख ९० हजार. आपल्या बुलढाणा जिल्ह्याची २०११ मध्येच २५ लाख ८६ हजार होती. तिथलं पीक मका आणि सोयाबीन. आपल्याकडं सोयाबीन, कपाशी आणि मका. त्या राज्यात एनएफएलचा एकही संघ नाही. थोडक्यात, अमेरिकेच्या नकाशावरचा आडवाटेचा मुलूख.

तरी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलँड ट्रॉफी आयोवा विद्यापीठाच्या रॉबर्ट गॅलरीनं २००३ मध्ये आणि ब्रँडन शेर्फनं २०१४ मध्ये मिळवली. दोघंही त्याच राज्यातले. गॅलरीचं गाव मेसनव्हिल, वस्ती शंभर-सव्वाशेची. आता महत्त्वाचं ऐका. गॅलरी विद्यापीठात आला तेव्हा लाइनमन नव्हताच. तो टाइट एंड होता, म्हणजे धावून चेंडूही झेलणारा. टायलर लिंडरबाम सोलन गावातून आला तो बचावात खेळायला. त्याला सेंटर केलं, आणि २०२१ मध्ये तो देशातला सर्वोत्तम सेंटर ठरला. माउंट व्हर्ननचा ट्रिस्टन विर्फ्स शाळेत असताना कुस्तीचा राज्यविजेता होता.

म्हणजे मक्याच्या शेतात तयार लाइनमन उगवत नव्हते. कर्क फेरेन्झ हा तिथला प्रशिक्षक १९९९ पासून त्याच खुर्चीवर आहे, आणि तो मुळात लाइनचाच मास्तर. त्याला माहीत होतं की तयार माल त्याच्या वाट्याला येणार नाही. मग त्यानं उंच, खांदे रुंद, कुस्ती खेळलेली पोरं उचलली आणि त्यांना वेळ दिला. तिथल्या नियमांत तशी सोयही आहे. मुलगा पहिलं वर्ष नुसता सराव करू शकतो, खातो, वजन वाढवतो, आणि खेळायचे त्याचे चार हंगाम शाबूत राहतात. पाच वर्षांत चार हंगाम. घडायला एक वर्ष अधिकृतपणे मोकळं.

बाहेरून बघणाऱ्यानं मका बघितला. आत काम करत होता तो मास्तर, आणि ते एक मोकळं वर्ष.

आपला नकाशा कसा तयार झाला

आता महाराष्ट्राकडं या. मुंबई-ठाणे पट्ट्यानं गिरीश एर्नाक, विशाल माने यांच्यासारखे पकडीचे खेळाडू दिले. ते काय समुद्राच्या खाऱ्या हवेनं? लालबाग-परळ-प्रभादेवीत गल्लीगल्लीत मंडळं होती. गिरण्या होत्या, मग बँका आल्या, रेल्वे, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या. चांगला खेळणाऱ्याला नोकरी आणि नोकरीतच सराव. स्थानिक गटाच्या स्पर्धा वेगळ्या, व्यावसायिक गटाच्या वेगळ्या. एका बचावपटूच्या वाट्याला एका हंगामात इतके सामने यायचे की चुका करून सुधारायला वाव राहायचा. कोल्हापूर-सांगलीत तालमी होत्या, कुस्ती होती, गावजत्रेच्या स्पर्धा होत्या.

दिल्लीच्या सीमेवर निजामपूर नावाचं गाव आहे. राकेश कुमार तिथला, मनजीत छिल्लर तिथला. एकाच गावातून भारताचे इतके खेळाडू निघाले, कारण तिथं लहान पोरगं सकाळी उठून मोठ्यांची साखळी बघतं आणि संध्याकाळी तिच्यात उभं राहतं. त्याच्या शेजारच्या गावातलं दूध काही पातळ नसतं.

आणि इराण? २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये इराणनं उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवलं आणि पुढं सुवर्णही नेलं. ज्या खेळाला आपण आपल्या मातीतला म्हणून मिरवतो, त्यात. कशाच्या जोरावर? कुस्तीतून आलेल्या बचावाच्या. त्याच वर्षी यू मुंबानं लिलावात फजल अत्राचलीला १ कोटी मोजले. प्रो कबड्डीतला पहिला करोडपती कोपरा होता, रेडर नव्हे. २०२३ मध्ये पुणेरी पलटणनं मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख दिले. म्हणजे बाजाराला कोपऱ्याची किंमत कळते. इराणमध्ये तो घडतो यावरही विश्वास बसतो. फक्त नांदुऱ्यात घडू शकतो यावर बसत नाही.

राहता राहिला ‘अंगाचा’ मुद्दा. वरिष्ठ पुरुष गटाची वजनमर्यादा ८५ किलो आहे. त्याच्या वर गेलात तर खेळताच येत नाही. इथं दीडशे किलोचा पहिलवान कुणी मागितलेलाच नाही. पंच्याऐंशीच्या आतला, मांडी भरलेला, कंबर खाली ठेवून वाकू शकणारा मुलगा हवा. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचे कट्टे ट्रॉलीत टाकणारी अशी पोरं मोताळ्यापासून लोणारपर्यंत कुठंही बघा. अंगात कमी म्हणणाऱ्यानं एकदा त्या ट्रॉलीवर चढून बघावं.

आमच्याकडं काय होतं

आता आमच्या बाजूचा हिशोब मांडतो.

आमचं विद्यापीठ संत गाडगेबाबा अमरावती. १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं, पाच जिल्ह्यांचं. आमच्या वेळी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरलात की बॅग भरा. म्हणजे पहिल्याच फेरीत तगडा संघ समोर आला, तर वर्षभराची कबड्डी ४० मिनिटांत संपली. मी चार वर्षांत विद्यापीठाचे ९ सामने खेळलो. रेडरला ९ सामने पुरतात, त्यातली एक चढाई गाजली तरी नाव होतं. साखळीला ९ सामने म्हणजे ओळखपरेड.

सराव काळ्या मातीवर. वऱ्हाडातली काळी माती कपाशीला चांगली, कबड्डीला वैरीण. पावसाळ्यात पायाला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडून घोटा आत जातो. मुरूम टाकून मैदान केलं तर पकडीसाठी झेप घेताना कोपर सोलून निघतं. मग पोरगं नकळत झेप घ्यायचंच टाळायला शिकतं. आणि निवड कशावर? मॅटवर, बूट घालून. मॅटवर बूट रुततो, मातीवर अनवाणी पाय घसरतो. घोटा पकडायची वेळच बदलते. रेडर दोन दिवसांत जुळवून घेतो. कोपऱ्याला महिने लागतात, कारण त्याचा सगळा धंदाच पाव सेकंदाचा.

माझ्या संघातला डावा कोपरा घाटाखालच्या एका गावचा. सहा फूट, वडिलांबरोबर शेतात राबलेला. त्याच्या हातात घोटा आला की सुटत नसे, हे मी त्याच्या शेजारी उभं राहून सांगतोय. एका व्यावसायिक संघाची खुली निवड चाचणी होती, एका मोठ्या शहरात. हा ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करून सकाळी पोचला. पाठीवर नंबर चिकटवला. सहा अनोळखी पोरांबरोबर बचावाला उभं केलं. तीन चढाया. पहिला रेडर पलीकडच्या बाजूनंच फिरून परत गेला. दुसऱ्याचा घोटा यानं धरला, पण कव्हरला काय करायचं ते माहीतच नव्हतं, कारण दोघांनी एकमेकांचं नावही विचारलेलं नव्हतं. रेडर निसटला. तिसऱ्याला हा बिचकला आणि थांबला. संपली चाचणी. संध्याकाळच्या गाडीनं पोरगं परत.

तुम्ही इंजिनिअर असाल तर हे ओळखीचं वाटेल. आमच्या कॉलेजात कंपन्या यायच्या नाहीत. ‘पूल कॅम्पस’ला आम्हीच पुण्या-नागपूरला जायचो. हजार पोरं, एक ऑनलाइन परीक्षा, निकाल. त्यात जे पटकन दिसतं ते निवडलं जातं. मग कंपन्या म्हणतात, ग्रामीण कॉलेजची मुलं कोडिंगला बरी असतात, पण सिस्टिम डिझाइनमध्ये कमी पडतात. साहेब, सिस्टिम त्यांना कुणी बघू दिली होती?

“मग काय, संघांनी धर्मादाय दवाखाना काढायचा?”

हा प्रश्न येणारच. प्रो कबड्डीचे संघ खाजगी आहेत, त्यांना गुण हवेत, समाजसेवा नको. मान्य. पण पुणेरी पलटणकडंच बघा. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून त्यांनी दहावा हंगाम जिंकला. कर्णधार अस्लम इनामदार, अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. तो आणि मोहित गोयत दोघंही त्यांच्या ‘युवा पलटण’मधून वर आलेले. त्यांनी पोरं वर्षानुवर्षं एकत्र ठेवली आणि त्याची फळं काढली. घडवणं हा तोट्याचा धंदा आहे, हे आता कुणी सांगू नये.

दुसरा प्रश्न, “तुम्हाला तर राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा वेगळा संघ आहे, अजून काय पाहिजे?” आहे, आणि ती खरी संधी आहे. पण वर्षातून एकदा बारा-चौदा जणांची निवड होणं म्हणजे व्यवस्था नव्हे. आणि विदर्भ म्हणजे एकच गाव आहे असं समजून बोलू नका. बुलढाण्याहून नागपूरपेक्षा छत्रपती संभाजीनगर जवळ आहे. जिल्ह्याचं ठिकाण असून बुलढाणा शहरात रेल्वे स्टेशन नाही. घाटावरच्या पोराला मुंबईची गाडी पकडायची तर आधी घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. मुंबई आम्हाला ‘नागपूरकडचे’ समजते आणि नागपूर ‘पार तिकडचे’.

तिसरा सल्ला आपल्याच माणसांचा: “दम असेल तर जा ना पुण्याला.” जे जाऊ शकतात ते जातात. पण बघा कोण जातं. एकट्यानं खेळणारा जातो, रेडर. साखळी कशी जाणार? सात पोरांनी एकदम घर सोडायचं? त्यात कोपरा-कव्हर खेळणारी पोरं बहुतेक घरातली जड कामं करणारीच असतात. बापाला नांगरटीला तोच लागतो. मुलींचं तर विचारूच नका. त्यांना अजून तालुक्याच्या गावी सरावाला पाठवायलाच घरात पंचायत बसते.

आणि ज्यांना वाटतं की बुलढाण्याच्या पाण्यातच काही नाही, त्यांना प्रथमेश जावकरचं नाव सांगा. आमच्या बुलढाण्याचा तिरंदाज. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्यानं जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवून सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी हांगझोऊ एशियाडमध्ये अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेबरोबर सांघिक सुवर्ण. त्याआधी कुणी म्हणत होतं का, की कंपाउंड तिरंदाज बुलढाण्यात पिकतात? लक्ष्य, धनुष्य, मैदान आणि रोज शिकवणारा माणूस गावात असला की काय होतं, ते दिसलं. अजून मागं जायचं तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जगाला कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवणारं पथक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं होतं. म्हणजे वऱ्हाडानं हा खेळ युरोपला दाखवला, आणि आज वऱ्हाडालाच ऐकवलं जातं की तुमच्यात पकड नाही.

मागणी मोठी नाही

विद्यापीठानं बाद पद्धत सोडून जिल्हानिहाय साखळी स्पर्धा घ्याव्यात. बुलढाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे संघ एकमेकांशी घरी आणि दारी असे दोन-दोन सामने खेळले, तरी एका हंगामात पोरांना आमच्या चार वर्षांपेक्षा जास्त सामने मिळतील. खर्च एसटीच्या तिकिटांचा.

तेरा तालुके आहेत. तेरा नाही तर घाटावर एक आणि घाटाखाली एक, असे दोन मॅट तरी बारा महिने अंथरलेले हवेत. उद्घाटनाचा फोटो काढून गुंडाळून ठेवलेले नकोत.

संघांनी एक दिवसाच्या चाचणीत बचावपटू निवडणं बंद करावं. रेडर हवा तर या, तीन चढाया बघा, घेऊन जा. कोपरा हवा असेल तर दोन आठवडे राहा. आख्खा बचाव एकत्र बघा, कोपऱ्याबरोबर त्याचा कव्हरही उचला. शेगावात भक्तनिवासाची सोय उत्तम आहे, राहण्याचं कारण सांगू नका.

आणि सरकारी नोकऱ्यांतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण पदकावर चालतं. पदक संघाला मिळतं, संघ सामन्यांनी घडतो, सामने आमच्याकडं नाहीत. दार उघडं आहे म्हणायचं आणि जिना काढून घ्यायचा, असा हा प्रकार आहे. पोलीस, वीज कंपनी, एसटी यांची जिल्ह्यात माणसं आहेत, मैदानंही आहेत. जिल्हा पातळीवर त्यांचे संघ उभे राहिले तर विशीतल्या पोराला खेळत राहायला कारण मिळेल.

माझा तो डावा कोपरा आता कृषी केंद्र चालवतो. खताच्या गोण्या स्वतः उतरवतो. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा टीव्हीवर सामना चालू होता आणि हा मला सांगत होता, “बघ, आता उजव्या पायानं बोनसला जाईल.” रेडर गेला. इराणी कोपऱ्यानं घोटा धरला, कव्हरनं धडक दिली, समालोचक ओरडला. गिऱ्हाईक आलं म्हणून हा उठून आत गेला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की विदर्भात कोपरा सापडत नाही, तर वाद घालू नका. एवढंच विचारा, किती दिवस शोधला?